गोळी कुणी दिली, कुणाला दिली, किती वाजता दिली?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पंचवटीत १४ आणि १७ वर्षांखालच्या मुलांचा कबड्डी संघ सांभाळतो. आमच्याकडे एक छोटी खोली आहे, तिथल्या कपाटात पालकांनी आणून दिलेल्या गोळ्या, स्प्रे, क्रेप बँडेज सगळं एकत्र पडलेलं असतं. कुणाचं काही दुखलं, ताप आला की मी नाहीतर मोठी मुलंच गोळी काढून देतात. परवा एका पालकांनी विचारलं, माझ्या मुलाला तुम्ही नेमकं काय दिलं होतं? आणि मला खरंच आठवेना. काय ठेवावं, काय नको, आणि मी गोळी देऊ शकतो का?
– एक प्रशिक्षक, पंचवटी

उत्तर : दादा, आठवेना हे तुम्ही सरळ लिहिलंत ते बरं केलंत. आधी दोनशे पानी वही घ्या आणि दोरीने कपाटालाच बांधून टाका. तारीख, वेळ, मुलाचं नाव, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी आणि देणाऱ्याची सही, बस एवढंच. मी फार्मासिस्ट आहे, पूर्वी स्पर्धांना संघांबरोबर जायचे. एकदा एका मुलाला दुपारी मॅनेजरने गुडघ्यासाठी पेनकिलर दिली, संध्याकाळी अंग गरम लागलं म्हणून दुसऱ्या कुणी ६५० ची पॅरासिटामॉल दिली, रात्री जेवणानंतर तिसऱ्याने अजून एक. पहिल्या गोळीतही पॅरासिटामॉल होतंच, कारण आपल्याकडे अ‍ॅसिक्लोफिनॅक नाहीतर डायक्लोफिनॅक अधिक पॅरासिटामॉल अशा जोडगोळ्याच जास्त चालतात. रात्री तो उलट्या करायला लागला, डॉक्टरांनी विचारलं काय काय घेतलंय, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. पोरगं सुखरूप घरी गेलं पण ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

आता तुम्ही गोळी देऊ शकता का. डायक्लोफिनॅकसारखी गोळी शेड्यूल एच मध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकताही येत नाही, आणि फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध काढून देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. त्यामुळे अशा गोळ्या आणि अँटिबायोटिक कपाटातून काढाच, आजच काढा. सामन्याआधी दुखणं दाबायला म्हणून तर अजिबात नको, दुखणं कळलं नाही की पोरगं त्याच पायावर चढाईला जातं, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला त्रास देतात. पावसाळ्यात ताप असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीच देऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढायची भीती असते.

राहिली पॅरासिटामॉल. तीसुद्धा पालकांची लेखी परवानगी असेल तरच, आणि वजन बघून. मुलांना एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ३५ किलोच्या पोराला ३५० ते ५२५, आणि आपण डोळे झाकून ६५० ची अख्खी गोळी देतो! दोन डोसमध्ये सहा तास जाऊ द्या. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरून एक कागद भरून घ्या, त्यात वजन, कशाची अ‍ॅलर्जी, रोजचं औषध कुठलं आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

कपाटाला कुलूप हवंच आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, मोठ्या मुलांकडे नाही. फक्त दम्याचा इन्हेलर कुलपात ठेवू नका, तो ज्याचा आहे त्याच्या बॅगेत, मॅटच्या कडेला, हाताशी पाहिजे. आणि एकाचा इन्हेलर दुसऱ्याला नाही.

कपाट उघडून एकदा स्ट्रिपा बघा. निम्म्या तरी कात्रीने कापलेल्या असतील, एकीवर नुसतं '…नॅक' एवढंच उरलेलं, तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. नाव किंवा एक्स्पायरी वाचता येत नसेल तर ती स्ट्रिप बाद, मग आत गोळी कितीही चकचकीत दिसो. यापुढे तारीख छापलेल्या टोकाकडची गोळी सगळ्यात शेवटी वापरायची. बाद माल गटारात किंवा गोदावरीत टाकू नका, ओळखीच्या केमिस्टला विचारून त्याच्याकडे द्या. आणि किट गाडीच्या डिकीत ठेवायची सवय मोडा, पाकिटावर २५ नाहीतर ३० अंशाखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळीशी गाठते, डिकीत तर विचारूच नका.

नाशिकच्या गोळे कॉलनीत, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, स्वस्त मिळतं म्हणून वर्षाचा साठा भरू नका. ओआरएस, बँडेज, जंतुनाशक, बर्फाच्या पिशव्या भरपूर घ्या, गोळ्यांची एखादीच स्ट्रिप पुरते. ओआरएस घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला वाचून घ्या, गोड ज्यूसचे टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी राज्य पातळीवर धावते. खोकला झाला की मी शेजारच्या मेडिकलमधून सिरप आणते. मैत्रीण म्हणते त्यात डोपिंग निघू शकतं, खरं का?
– एक आई, सातपूर

उत्तर : खरं आहे हो ताई. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं आणि ते वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंदी असलेलं औषध आहे, स्पर्धा असो वा नसो. साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध इन्हेलरने ठरलेल्या मर्यादेत चालतं, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही, पण सिरप किंवा गोळीतून तेच चालत नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात अडचणीत आणू शकतं. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, आणि सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून.

आईने दिलं, मला माहीत नव्हतं, असं सांगून सुटका होत नाही, लघवीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, माझी मुलगी स्पर्धा खेळते. मग मेडिकलमध्ये सिरपच्या खोक्यावरचं मोठं ब्रँडचं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा, त्यातलं एकेक नाव नाडाकडे, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे तपासा. औषध खरंच लागतच असेल आणि यादीत असेल तर डॉक्टरांचे कागद जोडून टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मागता येते, ती शक्यतो औषध सुरू करायच्या आधीच मागायची. आणि रिकामं खोकं लगेच फेकू नका, फोटो काढून ठेवा, बॅच नंबर दिसेल असा.