तोच नमुना दोनदा काढू नका

प्रश्न : पायथनमध्ये कांद्याच्या नफ्याचा अंदाज काढतोय. उत्पादन सरासरी १०० क्विंटल, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) २०, क्विंटलमागे भाव २००० रुपये धरला आणि काढणी-वाहतूक ८००. नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) उत्पादनाचे १०,००० यादृच्छिक नमुने घेतले, सरासरी बरोबर येते पण नफ्याचं विचलन जवळजवळ ४३,००० येतंय, हे जरा जास्त नाही का?

उत्तर : हो, जास्तच आहे. तुम्ही बहुतेक उत्पन्नासाठी एकदा आणि खर्चासाठी परत एकदा नॉर्मल फंक्शन (सरासरीभोवती यादृच्छिक आकडे देणारं) कॉल केलंय, म्हणजे कॉम्प्युटरला वाटलं ही दोन वेगवेगळी शेतं आहेत, एकीकडे पीक भरघोस आणि दुसरीकडे कमी असंही चालतं. खरं तर उत्पादन एकच, ते वाढलं की उत्पन्न आणि खर्च दोन्ही एकदमच वाढतात. म्हणून उत्पादनाचा ॲरे (नमुन्यांची यादी) एकदाच काढा, व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे तोच वापरा, मग विचलन १२०० गुणिले २०, म्हणजे २४,००० च्या आसपास येईल. नमुन्यांची हीच गोष्ट मला फार आवडते, ॲरेमधला पाचशेवा आकडा सगळीकडे पाचशेवाच राहिला की नातं आपोआप टिकतं, सूत्र मांडावं लागत नाही.

एकेक आकडा घेणारा लूप नको, अख्खा ॲरे थेट गुणा. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून ठेवा, नाहीतर दर रनला आकडे थोडे हलतील. आणि नमुने नुसते वाढवून फार फायदा नाही बरं का, अंदाजातली चूक दहापट कमी करायला नमुने शंभरपट लागतात. भावही बदलता धरणार असाल तर पीक जास्त आलं की भाव पडतो, तेव्हा ते दोन वेगवेगळे काढू नका, मल्टिव्हेरिएट नॉर्मलने (एकमेकांशी नातं असलेले आकडे देणारं फंक्शन) एकत्रच काढा.