गिरणीतलं वायफाय

प्रश्न : आमच्या बचत गटाची पिठाची गिरणी आहे. ग्रामपंचायतीत फायबरची पेटी बसवली आहे, पण नेट चालत नाही. घरात तीन मोबाइल, मजुरीवर रिचार्ज परवडत नाहीत. गिरणीत वायफाय लावून पाच-दहा रुपयांत विकलं तर चालेल का? गावात म्हणतात, केस होईल.
— एक वाचक, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

उत्तर : ताई, घरगुती कनेक्शनचा पासवर्ड पैसे घेऊन वाटू नका; गावातले म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ९ डिसेंबर २०२० ला केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना याचसाठी आहे. जुना पिवळा एसटीडी बूथ आठवा, तसंच हे. दुकानदाराला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. फक्त दूरसंचार विभागाकडे नोंदलेल्या एखाद्या ॲग्रीगेटरशी, म्हणजे अशा अनेक दुकानांचं वायफाय सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचं. गिऱ्हाइकाचा ओटीपी, कुपन, कोण कधी आलं याची नोंद, सगळं तो बघतो.

पूर्वी नेट कंपन्या अशा दुकानांकडून लाइनचे भरमसाट पैसे मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०० एमबीपीएस वेगापर्यंतच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीची मर्यादा घातली. म्हणजे घरगुती प्लॅन महिना ५०० चा असेल, तर तुम्हाला फार तर १००० पडतील. महिन्यात पाच रुपयांची २०० कुपनं खपली की लाइनचं भाडं निघालं, म्हणजे दिवसाला सातेक. ॲग्रीगेटरचा वाटा वेगळा, तो आधी लिहून घ्या.

लाइन घेण्याआधी पंचायतीतली पेटी बघून या. टेलिफोन खात्यात मी जन्मभर केबलीच जोडल्या, म्हणून सांगतो. एलओएस (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर कुठंतरी तुटली आहे, बहुतेक वेळा जेसीबीची कृपा. एकही दिवा नसेल तर वीजच नाही. सांगोल्याकडच्या एका गावात दोन वर्षं ‘नेट बंद’ अशी तक्रार होती. जाऊन बघतो तर पेटीची पिन काढून तिथं पाण्याचा कूलर लावलेला! दिवे ठीक असतील तर ग्रामसेवकांना अर्ज द्या, कदाचित तिथूनच जोडणी मिळेल.

आणि राउटर गिरणीच्या आत नको. पिठानं त्याची भोकं बुजतात, मोटर सुरू होताना व्होल्टेज पडलं की तो बंद होऊन पुन्हा चालू होतो. बाहेर वळचणीला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा डब्यात बसवा आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडा. लाइट गेल्यावरच तर गिऱ्हाईक जास्त येणार. दळण होईपर्यंत बायका बसतात तो कट्टा रेंजमध्ये येतो का, एवढं खिळा ठोकायच्या आधी बघा.