ईसीएमच्या कपलरचा लिव्हर तुटला, टाय मारून गाडी चालवली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा बीएस६ (धुराच्या नव्या नियमांचा) पिकअप निपाणीहून बेळगावला माल घेऊन येतो आणि पाऊस लागला की तवंदी घाटात मधेच ‘बंद पडायलाय’. चावी बंद करून परत मारली की चालू होतो, इंजिनाचा दिवा मात्र पेटलेला राहतो. एका गॅरेजात ईसीएमचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, मोठा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून, पुसून परत बसवला. त्यात कपलरवरचा प्लास्टिकचा लिव्हर तुटला, म्हणून प्लास्टिकच्या दोन टाय-पट्ट्या आवळून दिल्या. दुसऱ्या एकानं ईसीएमच बदलायला सांगितलाय. टाय चालतील का, आणि हा लिव्हर मुळात असतो कशाला, असं तुम्ही विचारलंय.

टाय चालणार नाहीत. आणि कपलर नीट बसल्याशिवाय ईसीएम बदलू नका, नवा ईसीएम त्याच ढिल्या कपलरवर बसवलात तर तक्रार तशीच राहील.

मी बेळगावात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. पिकअप, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं येतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागातल्या गाड्या तर पावसाळ्यात हमखास वायरिंगचीच तक्रार घेऊन येतात. त्यातली बरीच दुखणी आधी कुणीतरी कपलर उघडून अर्धवट बसवल्यानं सुरू झालेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिव्हर म्हणजे नुसती कडी, असं बऱ्याच जणांना वाटतं. कपलर हातानं दाबायचा आणि निसटू नये म्हणून वरून लिव्हर लावायचा, असा समज असतो. खरं काम वेगळं आहे. आतली प्रत्येक पिन समोरच्या स्प्रिंगच्या पत्तीत घट्ट शिरावी लागते. ती घट्ट आहे म्हणूनच गाडी हादरली तरी करंट तुटत नाही. बारीक पिनेला शिरायला चारेक न्यूटन जोर लागतो असं धरा. शंभर पिनांचा कपलर असेल तर झाले 400 न्यूटन, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. त्यात कडेच्या रबरी सीलचं घर्षण वेगळं. बॉनेटखाली वाकून एका हातानं एवढा जोर सरळ रेषेत कुणालाच लावता येत नाही. अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या यूएसकार मानकात कपलर जोडायला लागणाऱ्या हाताच्या जोराची मर्यादा 75 न्यूटन धरलेली आहे, म्हणजे साधारण साडेसात किलो. एका बाजूला चाळीस आणि दुसऱ्या बाजूला साडेसात. मधली तफावत हा लिव्हर भरून काढतो.

तो कसा, ते तुमचा तुटका तुकडा हातात घेऊन बघा. लिव्हर साधारण घोड्याच्या नालेसारखा असतो, दोन्ही पाय कपलरच्या दोन बाजूंना टेकलेले. पायाच्या मुळाशी एक वाकडी खाच दिसेल. ईसीएमच्या बाजूला, सॉकेटच्या भिंतीवर, त्या खाचेत बसणारी छोटी खुंटी असते. लिव्हर फिरवला की खाच त्या खुंटीला धरते आणि अख्खा कपलर आत ओढून घेते. समजा हाताकडचं टोक 80 मिलिमीटर फिरलं आणि तेवढ्यात कपलर 10 मिलिमीटर आत गेला, तर जोर आठपट झाला. 400 न्यूटनचं काम 50 न्यूटनमध्ये, वर घर्षणाचं थोडं.

पण जोर वाचतो हा अर्धाच फायदा. दोन्ही पायांत खाचा आहेत, म्हणून कपलर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, सारखा आत जातो. माझ्या मते लिव्हरचं हे काम जास्त मोलाचं आहे. अंगठ्यानं किंवा हातोडीच्या दांड्यानं ठोकून बसवलेला कपलर एका अंगाला पूर्ण जातो आणि दुसऱ्या अंगाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर राहतो. वरून बघितलं तर बसल्यासारखाच दिसतो, इंजिनही चालू होतं. बाहेर राहिलेल्या बाजूच्या पिना मात्र पत्तीच्या टोकावरच टेकलेल्या असतात.

हे ओळखायची एक पद्धत सांगतो, त्यासाठी कुठलाही स्कॅनर लागत नाही. कपलर काढल्यावर ईसीएमच्या बाजूच्या पिना चांगल्या टॉर्चच्या उजेडात, शक्य असेल तर भिंगातून, बघा. पत्ती पिनेवर घासत जाते तिथं एक बारीक चकचकीत ओरखडा उमटतो. सगळ्या पिनांवर हा ओरखडा सारख्याच लांबीचा असायला हवा. एका टोकाच्या ओळीवर लांब आणि दुसऱ्या टोकाच्या ओळीवर आखूड दिसला, तर कपलर तिरका बसत होता हे नक्की समजा. जुना लांब ओरखडा आणि त्याच्या आत नवा आखूड ओरखडा असं दोन्ही दिसलं, तर पूर्वी नीट बसत होता आणि नंतर बिघडला.

तिरका बसलेला कपलर पावसातच का त्रास देतो? सील एका बाजूला दबलेलं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं राहतं. घाट चढून इंजिन तापलेलं असतं, ईसीएम आणि कपलरही तापतात, आतली हवा फुगते. त्यावर चाकाचं गार पाणी उडालं की ती हवा आकसते आणि मोकळ्या बाजूनं पाणी आत ओढून घेते. पाणी गेलं की आधी खराब होते ती कायम बॅटरीचा करंट असलेली पिन. तिथं हिरवट पावडर धरते, ती तांब्याची. अशी हिरवी पावडर दिसली तर नुसतं पुसून काम भागत नाही, ती पत्ती बदलावी लागते.

पाणी नाही गेलं तरी दुसरं दुखणं आहेच. टोकावर टेकलेली पिन आणि पत्ती इंजिनाच्या थरथरीनं एकमेकींवर अगदी बारीक सरकत राहतात. डोळ्यांना न दिसणारं सरकणं, मिलिमीटरच्या शतांशात मोजावं असं. कथिलाचा मुलामा असलेल्या पिनेवर या घासण्यानं काळपट ऑक्साइड जमतो आणि मधेमधे करंट अडतो. कपलर काढून परत लावला की ऑक्साइड खरवडला जातो आणि गाडी काही दिवस एकदम झकास चालते. ‘नुसतं काढून लावलं आणि ठीक झालं’ असं मालक सांगतो तेव्हा माझं लक्ष आधी इथंच जातं.

आता टायबद्दल. टाय कपलर खेचतो तो जिथं आवळलाय तिथंच, आणि बहुधा कडेनं. लिव्हरनं जो ओढ दोन बाजूंनी सरळ आत द्यायचा, तो टाय देऊ शकत नाही. शिवाय बॉनेटखालच्या उष्णतेत नायलॉन हळूहळू ढिलं पडतं. तुमच्याकडे बेळगावचं कुणी ओळखीचं असेल तर ‘उद्यमबागेत (बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत) ॲल्युमिनियमचा लिव्हर बनवून घे’ असाही सल्ला मिळेल. आमच्या उद्यमबागेत काय हवं ते बनवून मिळतं, त्या हातांबद्दल मला आदर आहे. तरी हा भाग तिथं करू नका. त्या खाचेची वळणं अगदी मोजून काढलेली असतात, आणि धातूची खाच समोरच्या प्लास्टिकच्या खुंटीला खाऊन टाकते. खुंटी ईसीएमच्या सॉकेटचा भाग असते. ती गेली की मग खरोखरच ईसीएम बदलायची वेळ येते.

तर करायचं काय. चावी बंद केल्यावर लगेच हात घालू नका. ईसीएम चावी बंद झाल्यावरही काही वेळ जागा असतो, आणि युरियाची टाकी असलेल्या गाडीत पंप पाइप रिकामी करत असतो. काही मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाय कापा आणि कपलर सरळ बाहेर घ्या, वायरींना धरून ओढू नका.

ओरखडे बघा, वाकलेली पिन आहे का बघा, सील फाटलंय किंवा गुंडाळलं गेलंय का बघा. पिना पॉलिश पेपरनं घासू नका, मुलामा निघून जातो आणि मग गंज रोखायला काहीच उरत नाही. इलेक्ट्रिकचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. चाकाचं ग्रीस भरू नका. आणि आधीच्या कुणी टेस्ट लॅम्पची सुई पुढून पत्तीत खुपसली असेल तर ती पत्ती फाकलेली असणार. त्याच मापाची सुटी पिन घालून बघा, बाकीच्या पत्त्यांत अडकते आणि एखाद्या पत्तीत सैल जाते तर ती पत्ती बदला. तपासणी नेहमी मागच्या बाजूनं, वायरीच्या अंगानं करायची. हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पोरानं पहिल्या दिवशी शिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण ग्राहकाला न दिसणारं सगळ्यात महागडं नुकसान त्या सुईनं होतं.

सुटा लिव्हर काही कपलरांना मिळतो. कपलरच्या अंगावर कंपनीचं चिन्ह आणि नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो घेऊन पार्टच्या दुकानात दाखवा. सुटा नसेल तर रिकामा नवा कपलर घ्या आणि पत्त्या एकेक करून जुन्यातून नव्यात हलवा. एक काढायची, तीच लगेच त्याच नंबरच्या भोकात घालायची. सगळ्या एकदम काढून ठेवल्या तर रंगांवरून जुळवणं फार अवघड जातं, एकाच रंगाच्या वायरी अनेक असतात. पत्त्यांना धरणारी एक दुसरी पट्टी आत असते, बहुतेक वेगळ्या रंगाची. ती आधी एक टप्पा सरकवल्याशिवाय पत्ती ओढू नका आणि शेवटी ती परत दाबायला विसरू नका.

नवा कपलर बसवताना लिव्हर पूर्ण उघडा ठेवा. कपलर सॉकेटवर सरळ टेकवा आणि दोन्ही हातांनी थोडा दाबा. सॉकेटनं आतली कुलपं सोडल्याशिवाय बहुतेक लिव्हर हलतच नाहीत, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. म्हणून लिव्हर अडला तर जोर लावायचा नाही. कपलर तिरका टेकलाय किंवा एखादी पिन वाकलीय असं समजून परत बाहेर काढायचा. तुमचा लिव्हर बहुधा याच अडलेल्या क्षणी तुटला असणार. नीट बसला तर लिव्हर एकाच सलग ओढीत, सारख्या जडपणानं फिरतो आणि शेवटी कट्ट असा आवाज देऊन अडकतो. त्यावर लाल किंवा पिवळा छोटा लॉक असेल तर तोही दाबा. तो दाबला जात नसेल तर लिव्हर अजून शेवटाला पोचलेला नाही.

मग वायरिंगचा क्लॅम्प बघा. कपलरच्या मागे वायरींचा जाड गठ्ठा लोंबकळत असेल तर तो प्रत्येक खड्ड्यात कपलरला झटका देतो. पहिल्या कामात क्लॅम्प उघडला आणि परत लावलाच नाही, हे फार वेळा दिसतं. वायरी कपलरकडे येताना थोड्या खाली झुकून मग वर याव्यात, म्हणजे त्यांच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या वळणातूनच गळून जातं.

एवढं झाल्यावर स्कॅनरनं ईसीएममधले बिघाडाचे जुने कोड पुसा, इंजिन चालू ठेवा आणि गठ्ठा हातानं हळूहळू हलवून बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले तर बिघाड सेन्सरचा नसतो, त्यांच्या सामाईक सप्लायमध्ये, अर्थमध्ये (निगेटिव्हच्या जोडणीत) किंवा कपलरमध्येच असतो. एकच कोड परत परत आला तर त्या एका वायरीच्या मागे लागा. बॅटरी काढलेल्या स्थितीत डायग्नोसिस सॉकेटच्या (जिथं स्कॅनर लावतात त्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरनं ओहम मोजा, बहुतेक गाड्यांत 60 च्या आसपास यायला हवेत. 120 आले तर कॅन लाइनचं, म्हणजे ईसीएम आणि बाकीचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींचं, एक टोक कुठंतरी सुटलेलं आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस६ आलं तसे सेन्सर वाढले, पिना वाढल्या, त्यामुळे जुन्या डिझेल गाडीत खपून जाणारा ढिला कपलर आता खपत नाही.

हे सगळं करूनही, कपलर नीट बसलेला असताना, सप्लाय आणि अर्थ लोडवर, म्हणजे करंट ओढला जात असताना, बरोबर येत असताना गाडी बंद पडली, तर ईसीएमचा संशय घ्या. तेव्हाही आधी तो बाहेर काढून तपासायला सांगा.

नवा लिव्हर मिळेपर्यंत गाडी काढावीच लागली तर कपलर दोन्ही हातांनी सरळ दाबून, दोन विरुद्ध बाजूंना टाय घालून फक्त गॅरेजपर्यंत आणा. माल भरू नका, घाटात नेऊ नका, आणि त्या दिवसांत इंजिनावर प्रेशरचं पाणी अजिबात मारू देऊ नका. पिनांचे फोटो आणि स्कॅनरवरचे कोड इथं टाकलेत तर पुढचं बघून सांगतो.