जुन्या रंगाखाली वॉलपेपर निघाला. सगळा काढावा की वरूनच पुट्टी मारावी?

तुम्ही लिहिलंय की पोपडे खरवडताना रंगाखालून फुलांची नक्षी डोकावली आणि रंगारी म्हणतो, "वरून पुट्टी मारून टाकू, कळणारही नाही."

कळतं. मला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मी स्वतःच हौसेनं पुट्टीचा एक हात दिला होता. रात्री झोपताना भिंत बघून छाती फुगली, सकाळी उठून बघतो तर भिंतही फुगलेली. पुट्टी, साधा प्रायमर, प्लास्टिक पेंट या सगळ्यांत पाणी असतं. ते कागदात झिरपतं, मागची वाळलेली खळ पुन्हा ओली होते आणि कागद भिंत सोडतो. ज्या पाण्यानं कागद निघायचा, तेच आपण वरून थापत असतो.

म्हणून आधी भिंत वाजवून पाहा. बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक करा आणि पोकळ आवाज येईल तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग कपाटामागचा हातभर तुकडा निवडून तिथला कागद काढून बघा. खाली सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर सगळा कागद काढा, दुसरा विचार नको. जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना कागद असलेली जिप्समची पाटी) असेल तर जपून. बोर्डला प्रायमर न लावताच कागद चिकटवलेला असेल, तर कागदाबरोबर बोर्डाची सालही सोलून येते.

आणखी एक गोष्ट कागदाच्याही आधीची. घर काही दशकं जुनं असेल तर वरच्या रंगात शिसं असू शकतं. त्याची तपासणी करून घ्या. तोवर कोरडं घासायचं नाही, हीट गननं जाळायचं नाही आणि लहान मुलं, गरोदर बाई त्या खोलीत नकोत. शिसं निघालंच तर ते काम त्यातल्या जाणकाराकडेच सोपवा.

आता काढण्याचं. शाबूत रंगातून पाणी सहज आत जात नाही, त्यामुळे पृष्ठभागावर आधी ओरखडे पाडावे लागतात. फार जोर लावू नका, ओरखडा कागदात हवा, गिलाव्यात नको. मेन स्विच बंद करा, बटणांच्या पाट्यांभोवती पाणी जातंच. गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून स्पंजनं हात-दीड हात भाग भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा आणि रुंद पत्रा आडवा धरून खालून वर सरकवा. कागद फाटत असेल तर तो अजून भिजलेला नाही. लोक व्हिनेगर घालायला सांगतात. मीही घातलं, पण वासाशिवाय काही फरक जाणवला नाही. कागद विनाइलचा असेल तर वरचा थर कधीकधी कोरडाच सोलून येतो आणि खालचा पातळ कागद तेवढा भिजवावा लागतो. वाफेचं यंत्र मिळालं तर काम झपाट्यानं होतं, पण एकाच जागी धरून ठेवलं तर जुना गिलावाही सुटतो.

कागद निघाला की माणसाला वाटतं, झालं. मीही तिथेच दुसऱ्यांदा फसलो. भिंत स्वच्छ दिसत होती, पण वर खळीचा पातळ थर राहिला होता, आणि वरचा रंग महिन्याभरात तडकून खवल्यांसारखा उठला. तेव्हा गरम पाणी बदलत बदलत भिंत दोन-तीनदा धुवा. ओलं बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर खळ आहे. गिलाव्यावर आयोडीनचा थेंब टाकूनही कळतं. पिठाची खळ असेल तर तो निळा-काळा होतो. तयार गोंद पिठाचाच असेल असं नाही, म्हणून बोटाची परीक्षा सोडू नका.

मग भिंत पूर्ण वाळू द्या. आतून ओल येत असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्यानंतर ऑइल प्रायमर, खड्ड्यांत पुट्टी, घासणं, पुन्हा प्रायमर आणि रंगाचे दोन हात.

कागद काढणं शक्यच नसेल, म्हणजे बोर्डाची साल सुटत असेल, तर वरूनही करता येतं. फक्त रंगारी म्हणतो तसं थेट पुट्टी नाही, आधी प्रायमर. सुटलेले सांधे आणि फुगे कापून काढून टाका, परत चिकटवत बसू नका. उघड्या पडलेल्या कडांसकट सगळ्या भिंतीवर ऑइल किंवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर मारा, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास उग्र असतो. तो वाळला की मग पुट्टी. आता तिचं पाणी खळीपर्यंत जात नाही.

तेव्हा रंगाऱ्याला एवढंच विचारा: पुट्टीच्या आधी काय मारणार? "काही नाही" किंवा "पाण्याचा प्रायमर" असं म्हणाला, तर त्याला कपाटामागचाच, अजून कागद असलेला हातभर भाग करून दाखवायला सांगा आणि बाकीची भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा.