अक्कलकोटला गेलं की गाडी नुसती ‘टक’ करते

प्रश्न: आमची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. दर गुरुवारी अक्कलकोटला जातो. सकाळी एका चावीत सुरू होते. दर्शन घेऊन अर्ध्या तासाने परत आलं, की चावी फिरवल्यावर एकच ‘टक’. हेडलाइट मात्र लख्ख. तासाभराने आपोआप सुरू होते. बॅटरी दोन महिन्यांपूर्वी नवी घातली. आता गॅरेजवाले म्हणतात, अख्खा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बदला. बदलू का?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, इतक्यात नको. हेडलाइटचं लिहिलंत ते फार बरं केलंत. बॅटरी उतरली असती तर चावी फिरवताच दिवे मंदावले असते, बहुधा ‘टकटकटक’ असा आवाजही आला असता. इथे सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच, ओढतोय (तो ‘टक’ त्याचाच), पण सेल्फच्या मोटरमधून करंट जात नाही. गाडी उभी केली की वारा थांबतो आणि एक्झॉस्टची धग सेल्फला बसत राहते; त्यात आपल्याकडचं ४२-४३ अंशांचं ऊन. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब आधीच कमी पडलेला असतो. तापल्यावर ते आणखी अडकतात.

पण हा झाला अंदाज. आधी मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि बंद पडलेली असतानाच. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने व्होल्ट मोजायचा मीटर धरायचा. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात. बॅटरीकडच्यावर १२ व्होल्ट आणि मोटरकडच्यावर शून्य आलं, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. दोन्हीकडे १२ असूनही मोटर गप्प, तर कार्बन किंवा अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी. बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मीटर लावा. चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं, तर अर्थची वायर खराब.

हे अर्थिंगचं मी मुद्दाम सांगतोय. होटगी रोडवर दुकान होतं तेव्हा एका टॅक्सीचा सेल्फ मी खोलला, कार्बन बदलले, पैसे घेतले. चौथ्या दिवशी गाडी ढकलत परत आली. इंजिनाकडे जाणारी अर्थची पट्टी हिरवी पडून आतून कुजली होती. टॅक्सीवाल्याचे चार दिवस माझ्यामुळे बुडाले. त्यानंतर मीटर लावल्याशिवाय मी एकही सेल्फ उतरवला नाही.

रस्त्यात अडलात तर पान्याच्या दांड्याने सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकून बघा. लगेच सुरू झाली, तर कार्बनचा संशय पक्का. जोरात मारू नका, आत चुंबक असतील तर तडकतात. आणि सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीचा मायनस काढायलाच हवा, कारण ती जाड वायर चावी बंद असली तरी जिवंत असते.

कार्बन, बुश (फिरत्या दांड्याचा आधार), कॉन्टॅक्ट यांपैकी काही निघालं, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढंच बदलून देईल. खोलल्यावर आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) स्वतः डोळ्यांनी बघा. त्यावर खोल चरे पडले असतील किंवा वाइंडिंग (तारेची वेटोळी) जळून काळं झालं असेल, तर मात्र गॅरेजवाल्यांचं ऐका, अख्खा बदला.