रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या 'मेडिटेशन्स' या मूळ ग्रीक चिंतनग्रंथाची जुनी इंग्रजी भाषांतरं जमवायची आहेत. सेकंडहँड प्रत घेताना काय पाहावं?

सगळ्यात आधी भाषांतरकाराचं नाव पाहा, मुखपृष्ठ नंतर. स्वस्त आवृत्त्यांत ते नाव बऱ्याचदा छापलेलंच नसतं. मजकुरात 'दाऊ', 'दाय' (thou, thy) असे जुन्या इंग्रजीतले शब्द दिसले तर बहुधा जॉर्ज लाँग (1862). हक्क संपल्याने तेच सगळीकडे पुन्हापुन्हा छापलं जातं, त्यामुळे तीन वेगळ्या कव्हरांत एकच भाषांतर विकत घेणं ही नेहमीची चूक. मेरिक कॅसॉबन (1634) घ्याल तर लक्षात ठेवा, त्याचे परिच्छेद-क्रमांक आजच्या प्रचलित क्रमांकांशी जुळत नाहीत. शेजारी ठेवून ताडताना फार गोंधळ होतो.

माझ्या मते पहिली खरेदी हेन्सच्या भाषांतराची लोएब (मूळ मजकूर आणि भाषांतर समोरासमोर छापणारी मालिका) आवृत्ती (1916) असावी: हिरवी बांधणी, डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी. मग मॅक्सवेल स्टॅनिफोर्थ (पेंग्विन, 1964) आणि ग्रेगरी हेज (2002).

जुन्या पेंग्विनचा कणा डिंक वाळून कडक झालेला असतो. दुकानात पुस्तक सपाट उघडू नका, पानांचा गठ्ठाच सुटून हातात येतो. सुटलेल्या पानांना सेलोटेप तर मुळीच लावू नका. काही वर्षांत पिवळा, चिकट डाग कायमचा राहतो. तपकिरी ठिपके चालतील, कुबट वास नको. कसर दिसली तर प्रत हवाबंद पिशवीत घालून पंधरा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं.

समासातल्या पेन्सिलच्या नोंदी खोडू नका. जुन्या वाचकाने कुठे थांबून विचार केला, ते तिथे दिसतं.