‘फ्रेंच कॅनकॅन’मधली निनी शेवटी कुणाचीच का होत नाही?

तुमची तक्रार अशी की दिग्दर्शक ज्याँ रन्वारचा हा फ्रेंच सिनेमा हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून पाहायला बसलात आणि निनी ना बेकरीतल्या पावलोची झाली, ना राजपुत्राची, ना तिला नाचात आणणाऱ्या, पॅरिसमध्ये मूलाँ रूज हे नृत्यगृह उभारणाऱ्या वयस्कर दाँग्लारची. मला तर हाच शेवट बरोबर वाटतो.

हा सिनेमा मी पुण्यात एका फिल्म क्लबात दादाबरोबर पाहिला. तेव्हा माझं लग्न जवळपास ठरलं होतं आणि मुलाकडून निरोप आला होता, ‘कथक आता घरापुरतंच.’ परतताना स्कूटरवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. दादाचं म्हणणं, म्हाताऱ्यानं पोरीला वापरून घेतलं, पावलोच चांगला, साधा, कष्टाळू. अरे, पण तो साधा पावलो काय म्हणतो? स्टेजवर गेलीस तर लग्न मोडलं! अशी अट घालणारा माणूस मला साधा वाटत नाही. दादा अजूनही दिवाळीत सगळ्यांसमोर हा विषय काढतो, म्हणून हे इथे सविस्तर लिहिते आहे. ते लग्न मीच मोडलं. आज माझा क्लास आहे.

निनीला नाच शिकवणाऱ्या गिबोल बाईंच्या तालमी पुन्हा पाहा. धोब्याकडे इस्त्री करणारी ही मुलगी पाय फाकवून जमिनीला टेकवायला शिकते. ज्यानं रियाज केलाय त्याला ते दुखणं पडद्यावरही जाणवतं. एवढं सोसल्यावर ती दुकानात पाव विकायला परत जाईल? ऐन मूलाँ रूजच्या उद्घाटनाच्या रात्री दाँग्लार दुसरीच्या मागे लागलेला पाहून ती खोलीचं दार लावून घेते. तो माफी मागत नाही, उलट सुनावतो की मी कुणा एकीच्या मालकीचा नाही. आणि ती बाहेर येऊन नाचते. त्या नाचात रन्वारनं आपल्या चित्रकार वडिलांच्या चित्रांमधले रंग ओतलेत. दाँग्लार मात्र पडद्यामागे खुर्चीत बसून तालावर पाय उडवतो. ज्याँ गाबँचा तो पाय माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सर्वांत सुंदर अभिनय आहे.

घरी कुणी अशी अट घातली, तर साखरपुड्याआधीच नाही म्हणा. सगळं सुरळीत होईल म्हणणाऱ्या भावांचं ऐकू नका.

हां, दाँग्लार बायकांशी वाईट वागतो, हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. आणि १९५५चा हा सिनेमा इतिहास म्हणून पाहू नका. खरं मूलाँ रूज १८८९ साली ओलेर आणि झिद्लेर यांनी सुरू केलं. निनीची गोष्ट रचलेली आहे.